न निघालेला सांगावा

शनिशिंगणापूरच्या आख्यायिकेकडे आपण बहुधा श्रद्धेच्या नाहीतर अंधश्रद्धेच्या बाजूने पाहतो आणि त्या वादात ती कथा म्हणून वाचायची राहून जाते. नेवासे तालुक्यातल्या ह्या गावात ती साधारण अशी सांगितली जाते : एका पावसाळ्यात मोठा पूर आला आणि पानसनाल्याच्या पाण्यातून एक काळी शिळा वाहत येऊन बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्यांपैकी कुणीतरी कुतूहलाने तिला काठी टोचली, तर शिळेतून रक्त आले. त्याच रात्री गावातल्या एकाला स्वप्नात शनिदेवाचा दृष्टान्त झाला. दुसऱ्या दिवशी लोक गोळा झाले, पण शिळा जागची हलेना. मग पुन्हा दृष्टान्त झाला : नात्याने सख्खे मामा-भाचे असतील त्यांनीच ती उचलावी. तशी ती उचलली गेली, उघड्यावर स्थापन झाली. गावाची राखण देव करील असा विश्वास बसला आणि घरांना चौकटी राहिल्या, दारे गेली.

ही कथा निरोपाची कथा म्हणून वाचली तर तिच्यातली एक गोष्ट ठळक होते. पुराने आणलेली वस्तू हे नुसते चिन्ह आहे. त्याचा अर्थ कुणाला तरी लावावा लागतो. अर्थ लावणारा भेटला तरी त्याचे म्हणणे गावाला पटावे लागते. पहिला निरोप अपुरा ठरतो, कारण 'काय करा' हे त्यात नीट सांगितलेले नाही. दुसरा निरोप नेमका आहे. कोणी, काय करायचे ते त्यात आहे. आणि शेवटी गाव नुसते ऐकून थांबत नाही, आपली राहण्याची रीत बदलते. चिन्ह, वाचक, खातरजमा, नेमका शब्द, कृती अशी ही साखळी आहे. आख्यायिका घडवणाऱ्या अनामिक तोंडांना हे पक्के ठाऊक होते, की निरोप एका उडीत पोहोचत नसतो.

समुद्रापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटर आत असलेल्या गावाच्या कथेने सुरुवात करण्याचे कारण एवढेच, की ह्या साखळीची एकही कडी जुळली नाही अशी एक सकाळ मुंबईच्या इतिहासात आहे. ती सकाळ २८ नोव्हेंबर १९४५ ची, बुधवारची.

त्या दिवशी पहाटे भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे तीन वाजून सव्वीस मिनिटांनी अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर, समुद्रतळ हलला. भूकंपाची तीव्रता आठच्या थोडी वर होती. पसनी आणि ओरमारा ही मासेमारीची गावे आधी धक्क्याने आणि मग पाण्याने उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा म्हणून 'चार हजार' ही संख्या अनेक ग्रंथांत फिरते. अलीकडच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून ती फार फुगलेली असल्याचे म्हटले आहे. समुद्राच्या तळाशी चिखलाचे लोट इतके घसरले की इंग्लंडकडे जाणारी पाण्याखालची तार तुटली. पहाटे साडेपाचच्या सुमारास कराचीच्या बंदरात पाणी अस्वाभाविकपणे हलू लागले. सकाळी सव्वाआठला ते मुंबईत आले.

सुमारे दोन मीटर उंचीची ती लाट होती. वर्सोव्याला झोपड्यांत राहणारी पाच माणसे वाहून गेली, हाजीअलीला सहा. एकंदर मृत पंधरा असे सांगितले जाते. दांडा आणि जुहू येथे मच्छीमारांच्या होड्या दोर तुटून सुटल्या. भारतीय हवामान खात्यातले चिं. ग. पेंडसे यांनी ह्या भूकंपावर १९४६ मध्ये आणि पुढे १९४८ मध्ये छोटी टिपणे लिहिली. आज ह्या लाटेविषयी जे काही खात्रीने सांगता येते त्यातले बरेचसे त्या टिपणांवर आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांवर उभे आहे. टिपणे अर्थातच इंग्रजीत आहेत आणि शास्त्रीय नियतकालिकांच्या कोरड्या शैलीत आहेत. तो त्यांचा दोष नव्हे.

आता वेळा पाहा. तीन सव्वीस ते सव्वाआठ म्हणजे चार तास एकोणपन्नास मिनिटे. कराची ते मुंबई एवढाच हिशेब धरला तरी पावणेतीन तास. ह्या लाटेचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सहाशे किलोमीटरने, म्हणजे विमानासारखी धावते. पण मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे, आणि त्यावर चढली की तिचा वेग रेल्वेगाडीइतका उतरतो. अकराशे-साडेअकराशे किलोमीटरच्या वाटेतला बहुतेक वेळ तिने ह्या शेवटच्या टप्प्यात घालवला. निसर्गाने मुंबईला दिलेली ही सवलत फार थोड्या शहरांना मिळते. पसनीला ती मिळाली नव्हती.

आणि निरोप न्यायला साधने नव्हती असेही नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचे कारकून, व्यापारी, बंदर-अधिकारी आणि तारखाते ह्यांची मुंबईशी पिढ्यान्‌पिढ्यांची कागदोपत्री ओळख होती. जमिनीवरून तार जात होती. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भूकंपमापक होते. (हे खरे, की त्या काळी अनेक वेधशाळांत नोंद छायाचित्रणाच्या कागदावर उमटे, आणि तो धुऊन वाळवल्याशिवाय वाचता येत नसे. पहाटेचा भूकंप कचेरीच्या वेळेला 'घडे'.) पाण्याखालची तार तुटणे हाही एका परीने निरोपच होता. पण तार तुटली की तारखात्यात ती तारेची बातमी होते, समुद्राची होत नाही.

तेव्हा अभाव होता तो यंत्राचा नव्हे. अभाव होता तो एका वाक्याचा. कराचीच्या बंदरात साडेपाचला पाणी हलताना पाहणाऱ्या माणसाने मुंबईला तार करायची तर तीत लिहायचे काय? 'पाणी हलले' हे लिहिण्यासारखे आहे असे त्याला वाटण्यासाठी त्याच्यापाशी आधीची एखादी गोष्ट हवी होती : अशी, की जमीन हलते, मग समुद्र येतो, आणि तो फार लांबवर येतो. ती गोष्ट अरबी समुद्राच्या काठावर कुणापाशी नव्हती. निदान तारेच्या कचेरीपर्यंत ती पोहोचलेली नव्हती.

वास्तविक ह्याच किनाऱ्यावर समुद्र हलल्याची एक जुनी नोंद आहे. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत असता दाभोळच्या आसपास त्याच्या ताफ्यातली गलबते वारा नसताना एकाएकी हेलकावू लागली. खलाशी घाबरले. समुद्रच आपल्याला भिऊन कापतो आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून गामाने त्यांना धीर दिला, असे पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. भूकंपाच्या आजच्या सूच्यांत ही घटना येते. साहित्याच्या विद्यार्थ्याला तिच्यात दिसते ते निराळे आहे. चिन्ह आले, वाचकही भेटला. पण त्या वाचकाकडे एकच कथा होती, स्वतःच्या विजयाची. चिन्ह त्या कथेत बसवून टाकले गेले. इशारा म्हणून त्याचा उपयोग संपला, आणि एका दर्पोक्तीची भर इतिहासात पडली.

मुंबईला धोक्याच्या निरोपांची सवय नव्हती असे म्हणता येणार नाही. वादळांसाठी ती होती. १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण वादळानंतर बंदरांना सूचना देण्याची पद्धत सुरू झाली, १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले, आणि बंदरावर चढणाऱ्या खुणांची एक लिपीच तयार झाली. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोकणच्या किनाऱ्यावर अक्षरशत्रू माणसालाही वाचता येते. होडी घालायची की नाही हे त्यावर ठरते. उधाण आणि भांग ह्या शब्दांनी महिन्याच्या पाण्याचा हिशेब होतो. म्हणजे वाऱ्याला शब्द होता, चंद्राच्या ओढीला शब्द होता. समुद्रतळाच्या हालण्याला नव्हता. इंग्रजीतही त्या काळी अशा लाटेला सर्रास 'टायडल वेव्ह' म्हणत, भरतीशी तिचा काडीचा संबंध नसताना. चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट, कारण भरतीची वेळ ज्याला पाठ आहे तो माणूस 'भरतीची लाट' ऐकून निश्चिंतच राहील.

पण बावट्याच्या लिपीलाही लावणारा हात लागतोच. वर्सोव्याच्या त्या सकाळीच्या दीड वर्ष आधी, १४ एप्रिल १९४४ रोजी, ह्याच शहराच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले आणि आठशेहून अधिक माणसे गेली. जहाजात स्फोटके होती. धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा मात्र त्यावर चढवलेला नव्हता. तो स्फोट मुंबईच्या स्मरणात पक्का राहिला. १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवेचा दिन म्हणून पाळला जातो, त्या दिवसाच्या आठवणी लोकांनी लिहिल्या, नातवंडांना सांगितल्या. पंधरा माणसांची लाट राहिली नाही. आकड्यांचा फरक हे एक कारण आहेच. दुसरे असे, की त्या नोव्हेंबरात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा लाल किल्ल्यातला खटला सुरू होता, आणि वाचकांचे लक्ष तिकडे असणे स्वाभाविक होते. तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. लाट जिथे आली तिथली माणसे लिहिणारी नव्हती. शहराचे लिहिते अंग गिरगाव-दादरला होते; वर्सोवा, दांडा, जुहू ही तेव्हा शहराच्या टोकाची कोळीवस्ती. पुण्याच्या पानशेतच्या पुराशी तुलना करून पाहावी. १२ जुलै १९६१ चे पाणी लिहित्या-वाचत्या पेठांत शिरले, म्हणून पुणेकर आजही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असा काळ मोजताना आढळतात.

मराठी वाङ्मयातला समुद्र पुष्कळदा जमिनीवरून पाहिलेला समुद्र आहे. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या गावी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिच्यात सागराच्या उपमा किती वेळा येतात हे वर्गात ती शिकवणाऱ्यांना सांगायला नको. प्रवरेच्या काठी बसून सांगितलेला तो सागर अथांगपणाचा, समत्वाचा सागर आहे. त्याच्याकडून निरोप येईल अशी अपेक्षा नाही. असो.

निरोपाची कथा आधीपासून असली की काय घडते, ह्याची दोन उदाहरणे इथे घेतो. दोन्ही मुंबईपासून दूरची असली तरी आपल्या विषयाच्या गाभ्यातली आहेत.

पहिले जपानचे. डिसेंबर १८५४ मध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा हिरो नावाच्या गावात हामागुची गोर्यो हा पस्तिशीच्या आतबाहेरचा सधन गृहस्थ होता. पहिल्या लाटेनंतर अंधार पडला, लोक चाचपडू लागले, तेव्हा त्याने भाताच्या पेंढ्यांना आग लावली आणि त्या उजेडाच्या रेघेने माणसे टेकडीवरच्या देवळाकडे गेली. पुढे त्याने पदरच्या पैशाने किनाऱ्यावर बांध घातला. १९४६ च्या लाटेत तो उपयोगी पडला. ही झाली हकीकत. १८९७ मध्ये लाफकादिओ हर्न ह्या लेखकाने ती इंग्रजीत लिहिली, पण बदलून. त्याच्या कथेत तरुण गृहस्थाचा म्हातारा झाला, तो टेकडीवर राहायला गेला, आणि त्याने पेंढा नव्हे तर वर्षाचे सगळे पीक पेटवले, ते लोकांना आग विझवायला वर ओढून आणण्यासाठी. हर्नने काय केले ते उघड आहे. हकीकतीत उजेड हा फक्त वाट दाखवणारा आहे. कथेत आग हाच निरोप झाला, आणि निरोप देणाऱ्याने त्याची किंमत मोजली. मग एका शाळाशिक्षकाने हर्नच्या कथेवरून मुलांसाठी पाठ रचला. तो १९३७ पासून दहा वर्षे जपानच्या पाठ्यपुस्तकात होता. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा दिवस त्सुनामी जागृतीसाठी ठरवला, तो जुन्या पंचांगातल्या ह्याच घटनेच्या तिथीवरून. सत्यघटनेपेक्षा तिची कल्पित आवृत्ती अधिक माणसांपर्यंत पोहोचली, आणि इथे त्याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

दुसरे सुमात्राजवळच्या सिम्यूलू बेटाचे. तिथे १९०७ मध्ये लाट आली आणि पुष्कळ माणसे मेली. बेटाच्या भाषेत त्या लाटेला 'स्मोंग' हा शब्द पडला. अंगाईगीतांतून, आजीच्या गोष्टींतून तो राहिला : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, तर डोंगर गाठा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचे केंद्र ह्या बेटाच्या अगदी जवळ होते. लाट यायला दहा मिनिटांच्या आसपासच वेळ होता. जगातले कोणतेही केंद्र तेवढ्यात तिथे निरोप पोहोचवू शकले नसते. 'स्मोंग' ही एकच आरोळी झाली. सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीतली सात माणसे दगावली. मौखिक वाङ्मयाच्या उपयुक्ततेविषयी वर्गात प्रश्न आला, तर हा एक आकडा हाताशी असावा.

आपल्याकडे त्याच दिवशी काय झाले? भूकंप सकाळी सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी झाला. हवाई बेटावरच्या केंद्राने पंधरा मिनिटांत पत्रक काढले आणि त्यात पॅसिफिक महासागराला धोका नसल्याचे कळवले. विधान पूर्ण खरे होते. ते केंद्र पॅसिफिकसाठी होते, आणि हिंदी महासागराच्या काठी ते पत्रक घेणारा नेमलेला माणूस नव्हता. साडेसातच्या सुमारास कार निकोबारच्या हवाई तळाहून मुख्य भूमीला निरोप गेल्याचे हवाई दलप्रमुखांनी नंतर सांगितले. लाट तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागली ती पावणेनऊ-नऊच्या सुमारास. म्हणजे १९४५ चा कराची-मुंबई हा प्रसंग एकोणसाठ वर्षांनी कार निकोबार-चेन्नई असा पुन्हा घडला. ह्या खेपेला निरोप निघाला एवढाच फरक. तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिला. एक फॅक्स तर माजी मंत्र्यांच्या पत्त्यावर गेल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो बेपत्ता झाली. सगळ्या देशांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख.

पण पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू गावात वेगळे घडले. गावचा एक तरुण सिंगापूरला कामाला होता. त्याने दूरचित्रवाणीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. घरून सांगितले, की पाणी आत येऊ लागले आहे. गावात स्वामिनाथन प्रतिष्ठानाचे ज्ञानकेंद्र होते, आणि मच्छीमारांना समुद्राची स्थिती सांगण्यासाठी तिथे ध्वनिक्षेपक बसवलेला होता. केंद्र बंद होते. लोकांनी दार फोडले आणि ध्वनिक्षेपकावरून गावाला सांगितले. सुमारे साडेतीन हजारांच्या वस्तीत जीवितहानी झाली नाही.

ह्या घटनेतले ते बंद दार मला शिंगणापुराकडे परत नेते. शिंगणापूरची उघडी चौकट ही 'राखण कोणीतरी करतो आहे' ह्या भरवशाची खूण आहे. तो भरवसा आजच्या काळालाही थोडाफार मानवला : २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली ती कुलुपाविना, असे वाजतगाजत छापून आले. (चोऱ्यांच्या तक्रारीही त्याच सुमारास आल्या, पण तो विषय निराळा.) इशाऱ्याची यंत्रणा हीसुद्धा शेवटी राखणच. ती दाराआड ठेवली की तिचा मालक कोण, किल्ली कोणाकडे, रविवारी उघडते का, हे प्रश्न येतात. २६ डिसेंबर २००४ रविवारच होता. नल्लवाडूच्या लोकांना दार फोडायला सुचले, कारण तो ध्वनिक्षेपक रोज त्यांच्याशी बोलत होता. त्याचा आवाज ओळखीचा होता. रोज वाऱ्याची, लाटांची साधी माहिती सांगणाऱ्या आवाजाने एके दिवशी 'पळा' म्हटले, आणि ते पटले.

उलट नुसता आवाज असून भागत नाही, हे हवाई बेटांवरच्या हिलो शहराने दाखवले होते. १ एप्रिल १९४६ च्या लाटेने तिथे हाहाकार केला, म्हणून १९४९ मध्ये अमेरिकेने सूचना केंद्र उभारले. मे १९६० मध्ये चिलीच्या भूकंपाची लाट यायला तासन्‌तास अवधी होता. रात्री साडेआठला भोंगे वाजले आणि बहुतेक सगळ्यांनी ते ऐकले. घरे सोडणारे निम्म्याहूनही कमी निघाले आणि एकसष्ट माणसे गेली. भोंग्यांची पद्धत त्या सुमारास बदललेली होती. ह्या भोंग्याचा अर्थ 'तयार राहा' की 'निघा', हे लोकांना उमगेना. आधीच्या वर्षांत आवया उठून गेल्या होत्या. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. तिचा खरा नायक तो मुलगा नव्हे, ते ऐकून ऐकून थकलेले गाव आहे.

२००४ नंतर सरकारने यंत्रणा उभी केली हे मान्य केले पाहिजे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी सूचना केंद्र चालते. भूकंपमापकांचे जाळे, खोल समुद्रात तळाचा दाब मोजणारी उपकरणे, बंदरांतले भरतीमापक ह्यांच्या आधाराने भूकंपानंतर दहा-बारा मिनिटांत पहिले पत्रक निघते. ह्या केंद्राने दोन उगमस्थाने मानली आहेत, अंदमान-सुमात्रा आणि मकरान. म्हणजे पेंडशांनी ज्यावर टिपण लिहिले तो प्रदेश आता गणितात आला आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये बलुचिस्तानात आवारानला भूकंप झाला, ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचे बेट वर आले आणि ओमानच्या किनाऱ्यावर छोटी लाटही पोहोचली, तेव्हा मकरान जागे आहे ह्याची आठवण सगळ्यांना झाली.

प्रश्न पुन्हा वाक्याचाच आहे. पत्रकात धोक्याच्या तीन पायऱ्या असतात. सर्वांत वरची म्हणजे किनारा ताबडतोब सोडा. मधली म्हणजे किनाऱ्यावर जाऊ नका. खालची म्हणजे पुढच्या सूचनेची वाट पाहा. इंग्रजीत ह्यांना वॉर्निंग, अलर्ट आणि वॉच म्हणतात. मराठीत काय म्हणायचे? इशारा, सतर्कता, दक्षता? मराठी वाचकाला ह्या तीन शब्दांतून चढती भांजणी कळेल असे मला वाटत नाही. 'सतर्क राहा' आणि 'दक्ष राहा' ह्यांत कोणते अधिक भयंकर? खुद्द 'इशारा' हा शब्द अरबी-फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ होता खूण, डोळ्याने वा हाताने केलेली. हिंदी-उर्दूत तो अजून तेवढाच आहे. मराठीने त्याला ताकिदीचे वजन दिले, पण मोर्चेकरी सरकारला रोज 'इशारा' देतात आणि हवामान खातेही देते, त्यामुळे ते वजनही झिजले. 'त्सुनामी' हा शब्द तर २००४ च्या डिसेंबरात एका रात्रीत मराठीत आला. जपानीत त्याचा अर्थ बंदरातली लाट : खोल समुद्रात कोळ्याला ती जाणवतही नाही, परत आल्यावर बंदर नाहीसे झालेले दिसते. शब्द आला तो गोष्टीविना आला. काही महिन्यांत तो निवडणुकीतल्या मतांना आणि बाजारातल्या भावांनाही लागू लागला.

ह्याला भाषांतरकाराची अडचण म्हणून बाजूला सारता येणार नाही. किनाऱ्यावर जुना मार्ग होता दवंडीचा. दवंडीवाला ढोलके वाजवून आधी लक्ष वेधी, मग कोणाच्या हुकमाने सांगतो आहे ते सांगे, मग काय करायचे ते सांगे. आणि ज्याला सांगायचे त्याच्या गल्लीत उभा राहून त्याच्याच बोलीत सांगे. शंका विचारायची तर तो समोर होता. २०२३ मध्ये दूरसंचार खात्याने चाचणीसाठी देशभरच्या फोनांवर धोक्याचे संदेश धाडले, कर्कश आवाजासह. त्यांत ढोलके होते आणि हुकूमही होता. तरी कित्येकांनी पहिल्यांदा शेजाऱ्याला विचारले, तुलाही आला का? ही खातरजमा मूर्खपणाची नाही. शिंगणापूरच्या गोष्टीतही गावाने पहिल्या दृष्टान्तावर भागवले नव्हते.

ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोळियासाही ह्या दोन वस्त्यांना २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागर आयोगाने 'त्सुनामीसाठी सज्ज' म्हणून मान्यता दिली. तिच्या अटींत नकाशा, वाटेवरच्या पाट्या, नियमित सराव, आणि निरोप चोवीस तास घेणारी ठरलेली व्यवस्था ह्या गोष्टी आहेत. अटी वाचताना लक्षात येते, की त्यांतल्या बहुतेक शब्दांशी निगडित आहेत. यंत्राच्या फार थोड्या.

हिंदी महासागराभोवतालचे देश अधूनमधून मिळून सराव करतात. सप्टेंबर २०१६ च्या सरावात दोन काल्पनिक भूकंप घेतले होते. सात तारखेचा सुमात्राजवळचा होता, आणि आठ तारखेचा मकरानच्या समुद्रातला. पत्रके निघाली, प्रत्येकावर 'सराव' असा शिक्का होता, लाटेच्या वेळा बंदरवार मांडलेल्या होत्या. १९४५ च्या त्या बुधवारी साडेपाच ते सव्वाआठच्या दरम्यान कराचीहून जी तार निघायला हवी होती, ती अशा रीतीने एकाहत्तर वर्षांनी कल्पित मजकूर म्हणून लिहिली गेली. दांड्याच्या आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत ती कोणत्या शब्दांत वाचून दाखवावी, हे मराठीच्या कुणा जाणकाराने कोळ्यांबरोबर बसून ठरवण्यासारखे काम आहे.